वाचकांचे प्रश्न : इंजिनाचे ट्यूनिंग स्वतः शिकताना

प्रश्न : माझ्याकडे 2004 सालची मारुती एस्टीम आहे. तिच्या 1298 सीसीच्या, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाला गेल्या वर्षी टर्बो बसवला असून त्याचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड येथील उद्यमनगरात बनवून घेतले आहे. इंजेक्टर मिनिटाला 440 सीसी पेट्रोल देणारे आहेत, मूळ ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) जागी स्पीड्युइनो हा स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू आहे आणि एक्झॉस्टच्या पाइपात, हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आहे. ट्यूनिंग मला स्वतःच शिकायचे आहे. गाडी चालते, पण सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की इंजिन डचके खाते. व्हीई टेबलमधले (सिलिंडर हवेने किती भरतो हे ईसीयूला सांगणाऱ्या तक्त्यातले) आयडलिंगचे आकडे वाढवले की डचके थांबतात, मात्र पंखा बंद असताना मिश्रण फार रिच होऊन (त्यात पेट्रोल जास्त होऊन) प्लग काळे पडतात. हा तिढा कसा सोडवावा आणि पुढे कोणत्या क्रमाने शिकावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पंख्याचे आपले निरीक्षण अत्यंत मोलाचे आहे, कारण दोष व्हीई टेबलमध्ये नाही हे त्यातूनच कळते. पंख्याने इंजिनात जाणारी हवा बदलत नाही. बदलते ते व्होल्टेज; पंखा वीज खेचतो तेव्हा ते उतरते.

इंजेक्टरला विजेचा इशारा मिळाल्यापासून त्याची सुई उचलली जाऊन पेट्रोल वाहू लागेपर्यंत जो वेळ वाया जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. 14 व्होल्टला तो साधारण 1 मिलिसेकंद असतो आणि व्होल्टेज उतरले की वाढतो. आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर हवेने पूर्ण भरला, तर 440 सीसीच्या इंजेक्टरला सुमारे 4.8 मिलिसेकंद पेट्रोल सोडावे लागेल. आयडलिंगला मात्र हे काम एक-सव्वा मिलिसेकंदात उरकते. म्हणजे इंजेक्टर चालू असण्याच्या एकूण वेळातला जवळजवळ अर्धा वेळ नुसता सुई उचलण्यात जातो. पंखा लागून डेड टाइम एक-दीड दशांश मिलिसेकंदाने जरी वाढला आणि ईसीयूला त्याची कल्पना नसली, तरी मिश्रण दहा टक्क्यांच्या आसपास लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. मूळ लहान इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहत असल्यामुळे त्यांच्यावर एवढ्याशा चुकीचा परिणाम कमी होतो. मोठे इंजेक्टर बसवल्यावरच हे दुखणे डोके वर काढते.

तेव्हा व्हीईचे आकडे पूर्ववत करा. आपल्या इंजेक्टरचे वेगवेगळ्या व्होल्टेजचे डेड टाइम मिळवून व्होल्टेज-दुरुस्तीच्या तक्त्यात भरा. नंतर गाडी पूर्ण तापलेली असताना आयडलिंगवर ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि पंखा एकेक करून चालू करा आणि लॅम्ब्डाच्या (वाइडबँडवर दिसणाऱ्या मिश्रणाच्या मापाच्या) आकड्यावर नजर ठेवा. तिन्ही चालू-बंद करूनही तो आकडा जागचा हलेनासा झाला की ते काम झाले. इंजिनाची अर्थिंगची वायरही एकदा सोडून, घासून, घट्ट बसवावी.

हे एवढ्या विस्ताराने लिहिले, कारण शिकण्याचा क्रम यातच आहे. स्पीड्युइनो इंजिनात शिरणारी हवा प्रत्यक्ष मोजत नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचे तापमान, इंजिनाचे फेरे आणि व्हीई टेबल यांवरून तो हवेचा अंदाज बांधतो. यांतले एक माप जरी खोटे असले, तरी आपण व्हीई टेबल बदलून ती चूक झाकत राहतो आणि परिस्थिती बदलली की ती दुसरीकडून बाहेर पडते. म्हणून टेबलला हात लावण्यापूर्वी मापे खरी करून घ्यावीत.

मॅप सेन्सरची, म्हणजे हा दाब मोजणाऱ्या सेन्सरची, परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने पडद्यावर 95 किलोपास्कलच्या जवळचा आकडा दिसायला हवा; तिथे 101 दिसत असेल, तर कॅलिब्रेशन चुकले आहे. टायमिंगसाठी सॉफ्टवेअरमध्ये ॲडव्हान्स (पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) 10 अंशांवर बांधून ठेवावा आणि पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट धरावा. पडद्यावर 10 आणि पुलीवर 16, अशी स्थिती असताना पुढचे सगळे ट्यूनिंग सहा अंशांच्या चुकीवर उभे राहते. रेस देऊन तीन हजार फेऱ्यांवरही ती खूण जागेवर राहते ना, हे पाहावे. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली आहे याचीही खात्री करावी. ती नसेल, तर 3 बारच्या दाबावर चालणारे इंजेक्टर अर्धा बार बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) सुमारे नऊ टक्के कमी पेट्रोल देतात, तेही नेमके जास्त लागते तेव्हा.

वाइडबँडवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. माझ्या पहिल्या टर्बो इंजिनात सेन्सरच्या अलीकडच्या फ्लँजची गॅस्केट केसभर फुटली होती. कमी फेऱ्यांना त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाई आणि सेन्सर मिश्रण लीन दाखवी. मी दोन आठवडे पेट्रोल वाढवत राहिलो. शेवटी ऑइलची कांडी काढली, तर तिला पेट्रोलचा वास येत होता आणि ऑइल बोटांवर पाण्यासारखे पातळ लागत होते. मिसफायर झाला तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचून असाच खोटा लीन आकडा दिसतो.

सेन्सरचा आकडा लॅम्ब्डातच वाचावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचे 14.7 हे प्रमाण बरोबर असले, तरी पंपावर आता मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते सुमारे 13.5 असते. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही इथेनॉल बनवतात, त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. लॅम्ब्डा 1 म्हणजे बरोबर मिश्रण, मग इंधन कोणतेही असो. रमतगमत चालवताना 1 च्या आसपास आणि बूस्टमध्ये 0.80 च्या आसपास, हे आरंभासाठी योग्य आहे. प्रथम वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर मिळणाऱ्या किमान बूस्टवरच काम करावे. ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप व्हीई सुधारण्याची सोय आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा. पण टेबलमधल्या शेजारच्या दोन घरांच्या आकड्यांत मोठी उडी दिसली, तर ती स्वीकारण्यापूर्वी कारण शोधावे.

इंधनाची चूक पुष्कळदा सावरता येते, इग्निशनची येत नाही. ॲडव्हान्स वाढवत नेल्यास टॉर्क आधी भराभर आणि मग अगदी थोडा वाढतो; शेवटच्या दोन अंशांत ताकदीची भर नगण्य असते आणि बूस्टमध्ये पिस्टन फुटण्याचा धोका मात्र तिथेच असतो. टायमिंग फार मागे ठेवणेही निर्धोक नाही, कारण जळण उशिरा होऊन एक्झॉस्ट तापतो आणि टर्बो लाल होतो. 74 मिलिमीटर बोअरच्या आपल्या इंजिनात नॉकिंगचा (मिश्रण आपोआप, धक्क्याने पेटण्याचा) नाद 7.7 किलोहर्ट्झच्या जवळपास असेल, आणि धावत्या गाडीच्या आवाजात त्याची सुरुवात नुसत्या कानाला कळत नाही. तांब्याच्या नळीचे एक टोक ठोकून चपटे करावे, भोक पाडून ते ब्लॉकला बोल्टने घट्ट आवळावे आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कारखान्यातल्या कामगारांच्या कानबंदांमध्ये न्यावी. पत्र्यावर खडे पडल्यासारखा तडतड आवाज आला, की तत्काळ पाय उचलावा. तरीही बूस्टमधले टायमिंग पहिल्यांदा डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच करावे. अर्ध्या दिवसाचे भाडे एका पिस्टनपेक्षा स्वस्त पडते.

लॅपटॉप कधीही चालकाने हाताळू नये. लॉग (धावत्या गाडीच्या आकड्यांची नोंद) भरून घ्यावा आणि घरी बसून वाचावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असे मूलभूत बदल करण्यावर कडक बंधने आहेत आणि बेकायदा बदलासाठी दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचा दावाही अडतो. बदलांची आरटीओकडे रीतसर विचारणा करावी, आणि पूर्ण बूस्टचे काम डायनोवर किंवा बंदिस्त ट्रॅकवरच ठेवावे.

प्रश्न : माझ्या गाडीला प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (हवेची वाट उघडणारी झडप) आहे आणि पेट्रोलचा हिशेब थ्रॉटलच्या कोनावरून होतो. मुंबईत उत्तम चालणारी गाडी महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत जड होते आणि काळा धूर सोडते. असे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुंबईत हवेचा दाब 101 किलोपास्कल असतो, महाबळेश्वरला तो 86 च्या जवळ येतो. थ्रॉटल तेवढाच उघडला, तरी आत येणारी हवा सुमारे पंधरा टक्के कमी असते. मात्र आपल्या ईसीयूला फक्त कोन कळतो, त्यामुळे पेट्रोल मुंबईइतकेच पडते. बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा स्वतंत्र सेन्सर बसवून बॅरोमेट्रिक दुरुस्ती सुरू करावी. ती जुळवण्यासाठी आंबेनळी किंवा पसरणीच्या घाटात मध्येमध्ये गाडी सुरक्षित जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, त्या सेन्सरचा आकडा नोंदवावा. तो चढणीबरोबर क्रमाने उतरत गेला पाहिजे. तसे होत नसेल, तर सेन्सरची नळी बॉनेटखाली पंख्याच्या झोतात आहे का, ते आधी पाहावे.