पहिल्यांदाच आढी लावताय, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत घालताय?

झाडाला पाड लागल्याशिवाय, म्हणजे एखाद-दुसरं फळ झाडावरच पिकू लागल्याशिवाय, हापूस उतरवायची घाई करू नका. शंका असेल तर दोन-चार फळं पाण्याच्या बादलीत टाका; तयार आंबा तळाला जातो, कोवळा तरंगतो. काढायला झेलाच (काठीला जाळी लावलेला) घ्या, आणि थोडा देठ राखा. देठ तुटला की चीक ओघळतो, सालीवर काळा डाग पडतो. अंगावर उडाला तर कातडी भाजते, म्हणून तोंड वर करून झाडाखाली उभं राहू नका.

आढी कोरड्या, हवेशीर खोलीत. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवस लागतातच. मधूनमधून चाळवा, नासकं फळ लगेच बाहेर. पोरं रोज आढीत हात घालणारच, ओरडत बसू नका; पिकलेला आंबा त्यांनाच आधी सापडतो!

रायवळ (कोयीपासून वाढलेले गावठी आंबे) वेगळे ठेवा. ते कापायचे नसतात, माचून, म्हणजे दाबून मऊ करून, चोखायचे. (माझं मत विचाराल तर हापूसपेक्षा मजा यातच.) त्यांच्या कोयी ताज्या असतानाच घरामागच्या परड्यात रुजत घाला, वाळल्या की उगवत नाहीत. पावसाळ्यात तांबूस पानांच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी जोडून कोय कलम बांधता येईल.