जुन्या बंदुकांत पैसे गुंतवायचे का? आधी व्हिसा बघ

तू विचारलंयस की एच-वन-बीवर अमेरिकेला चाललोय, तिथला एक सिनिअर म्हणतो शेअर्सपेक्षा जुन्या बंदुका घेऊन ठेव, भाव नुसता चढत असतो, तर हे खरं का. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण तुझा प्रश्न वाचून सगळं वर आलं, लांबलं तर सांभाळून घे.

पहिलं म्हणजे एच-वन-बीवर तुला बंदूक बाळगताच येत नाही. नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम राहायला न आलेल्या व्हिसावाल्याला फेडरल कायद्याने बंदी आहे, गोळ्यासुद्धा नाहीत. शिकारीचं लायसन्स काढलं की सूट मिळते असं तुला कोणीतरी सांगेलच, पण असल्या पळवाटेच्या नादी लागू नकोस, बंदुकीच्या गुन्ह्यात ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढतात.

आणि ग्रीन कार्ड कधी मिळेल ते विचारू नकोस. मला अकरा वर्षं लागली. फिंगरप्रिंट किती वेळा दिले मोजलं नाही, एकदा तर बोटांच्या रेषा पुसट आहेत म्हणून परत बोलावलं, एक दिवस रजा गेली. त्याच काळात मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर घरी कुठली भाषा बोलता असा रकाना होता, मी अभिमानाने मराठी लिहिलं, आणि इंग्रजीतच बडबडणाऱ्या पोरीला इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात घातलं. दीड वर्ष. गणिताच्या तासाला उठून जायची. धाकट्याच्या वेळी मी गुपचूप इंग्लिश लिहिलं, आणि खरं सांगू, ते जास्त खुपतं. बंदुकांशी याचा काही संबंध नाही, माहितीये.

तर भाव. सिनिअरने तुला बहुतेक मशीनगनची गोष्ट सांगितली असणार. १९८६ च्या कायद्याने नवीन मशीनगनची सामान्य लोकांसाठी नोंदणी बंद झाली, म्हणजे आधी नोंदलेल्या होत्या तेवढ्याच फिरतात, म्हणून तेव्हा हजारभर डॉलरला मिळणारी एम-सिक्स्टीन, ही लष्करी रायफल मशीनगनमध्येच धरतात, आज वीस-तीस हजारांच्या पुढे जाते. हे खरंय. पण हा भाव कायद्याने बांधलाय, तो कायदा बदलला तर? दुसरी गोष्ट लिलावाची, बिली द किड या जुन्या काळच्या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला मारलं ते कोल्ट कंपनीचं रिव्हॉल्व्हर २०२१ मध्ये साठ लाख डॉलरला गेलं. अरे, ती किंमत बिलीची आहे, लोखंडाची नाही.

बाकी बंदुकांचं गणित रटाळ आहे. डिव्हिडंड नाही. तिजोरी, इन्शुरन्स, हवेतला ओलावा हे सगळं तुझ्या खिशातून. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकायची तर लायसन्सवाल्या डीलरमार्फतच. लिलावात दिली तर कमिशन. नफा कलेक्टिबलचा, म्हणजे संग्रहाच्या वस्तूचा धरला तर टॅक्स २८ टक्क्यांपर्यंत, शेअर्सवर लाँग टर्मला जास्तीत जास्त २०. शिवाय कंपनी कधी काय करेल सांगता येत नाही, कोल्टच्या जुन्या पायथन रिव्हॉल्व्हर 'आता बनत नाहीत' म्हणून लोक जमवून बसले होते, २०२० मध्ये कोल्टने पायथन परत काढली. आणि कधी मायदेशी परतायचं ठरलं तर बॅगेत घालून नेण्यासारखी ही वस्तू नाही, पडेल भावात विकून मोकळं व्हायचं.

आता माझं शहाणपण ऐक. विंचेस्टर कंपनीच्या १९६४ च्या आधीच्या रायफलींना जास्त मान, कारण त्या वर्षी त्यांनी बनवायची पद्धत स्वस्त केली. कार्ड आल्यावर मी तशी एक मॉडेल ९४ घेतली, १४०० डॉलरला. रंग उडालेला होता, म्हणून हौसेने नवीन ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा-निळा मुलामा, करून घेतलं, एकदम चकाचक. शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवायला नेली. त्याने खिडकीशी नेऊन नळीवरून अंगठा फिरवला, बराच वेळ गप्प, मग म्हणाला, छान दिसतेय. डीलरने आठशे सांगितले. जुना रंग गेला की कलेक्टरच्या लेखी ती संपली, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

म्हातारा दर शनिवारी मला गन शोला, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-बाजाराला न्यायचा. एकटेपणाचं विचारशील तर हो, असतो, सगळ्यांनाच असतो, पुढे चल.

गेल्या वर्षी तो गेला. चाळीसेक बंदुका होत्या, आयुष्यभर एकेक शोधून घेतलेल्या. त्याच्या पोराला त्यात रस नव्हता, त्याने एका दुपारी सगळ्या एकाच डीलरला ठोक भावात दिल्या, टेबलं उचलायला मी होतो. म्हाताऱ्याची हिशोबाची वही मात्र डीलरला न देता पोराने माझ्या हातात ठेवली. तू पैसे इंडेक्स फंडात टाक बाबा, कार्ड आल्यावर हौस उरली तर बघू. त्या वहीत प्रत्येक बंदुकीपुढे तारीख, किंमत आणि सोबत कोण होतं ते लिहिलंय. माझं नाव सात ठिकाणी आहे, स्पेलिंग सात प्रकारचं.