कोविडच्या वर्षात लाखभर पेपर कसे निघाले, आणि प्रबंधात त्यातले कुठले धरायचे?

कोविडच्या वर्षात लाखभर पेपर निघाले असं लिहून, प्रबंधात त्यातले कुठले धरायचे, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही दिलेला आकडा खरा आहे. एकट्या २०२० मध्ये कोरोनावर लाखाहून जास्त लेख आले, म्हणजे त्या वर्षीच्या जगभरच्या संशोधन-लेखांपैकी साधारण चार टक्के. पण पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या शोधयादीवर) कोविड टाकून पहिली चार पानं चाळा. संपादकीयं, संपादकांना पत्रं, दोन-चार रुग्णांचे अहवाल, दुसऱ्यांच्या पेपरांचे आढावे. प्रयोगशाळांना टाळं आणि लॅपटॉप उघडे, मग गुगल फॉर्मवरची सर्वेक्षणं आणि रुग्णसंख्येची मॉडेलं फोफावली. तुम्हाला उपचारांवर लिहायचं असेल तर बराच ढीग इथेच बाजूला निघतो.

एवढे लेख निघायचं दुसरं कारण वेग. विषाणूचा जनुकक्रम ११ जानेवारी २०२० पर्यंत खुला झाला होता. महिनाअखेर मोठ्या प्रकाशकांनी कोविडचे लेख फुकट वाचू द्यायचं कबूल केलं, आणि इतर तज्ज्ञांच्या समीक्षेआधीच पेपर, म्हणजे प्रीप्रिंट, लावायचं संकेतस्थळ, जून २०१९ मध्ये सुरू झालेलं मेड-आर्काइव्ह, तयारच होतं. तिथे पेपर आला की मजकूर चोरलाय का, रुग्णाची ओळख उघडी पडते का, लोकांना अपाय होईल असं काही आहे का, एवढं बघून तो वर लावतात. आकडेमोड कोणी तपासत नाही, आणि उपचारासाठी यावर विसंबू नका अशी सूचनाही तिथे असते.

म्हणून प्रीप्रिंट धरूच नका असं बरेच गाईड सांगतात. मला ते पटत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवरच्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल १६ जून २०२० ला जाहीर झाला, २२ जूनला प्रीप्रिंट आला आणि नियतकालिकात जुलैच्या मध्यानंतर. डोस रोज ६ मिग्रॅ., जास्तीत जास्त १० दिवस; व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले. छापील अंकाची वाट बघत बसणं तिथे परवडणारं नव्हतं. उलट 'लॅन्सेट' या नियतकालिकातला, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियावरच्या औषधाचा पेपर रीतसर समीक्षा होऊन २२ मेला छापला आणि ४ जूनला मागे घेतला. ९६ हजार रुग्ण, ६७१ रुग्णालयं, पण ऑस्ट्रेलियातले मृत्यू त्या तारखेपर्यंत त्या देशात नोंदलेल्या एकूण मृत्यूंपेक्षा जास्त! मूळ नोंदी मागितल्या तेव्हा त्या पुरवणाऱ्या सर्जिस्फियर कंपनीने त्या दिल्याच नाहीत.

तेव्हा समीक्षा झाली की नाही हा शिक्का सोडा, तारखा आणि रुग्णांची मोजणी बघा. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवरचाच, फ्रान्समधल्या मार्सेयचा गाजलेला पेपर उघडा. नियतकालिकाकडे आला १६ मार्च २०२० ला, स्वीकारला १७ मार्चला. एका दिवसात कसली समीक्षा होते? त्यात नियतकालिकाचे मुख्य संपादक सहलेखकांत. मग रुग्ण मोजा: औषध घेणारे २६, हिशेबात २०. गळलेले सहा कोण, हे पेपरातच लिहिलंय: तिघे आयसीयूत गेले, एक दगावला, एक घरी गेला, एकाने मळमळीमुळे औषध सोडलं. राहिलेल्यांच्या नाकातला विषाणू गेला का, एवढंच मोजलं. हा पेपर मागे घ्यायला डिसेंबर २०२४ उजाडला.

आपल्याकडचं उदाहरण आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचं. मे २०२१ मध्ये गोव्यात १८ वर्षांवरच्या सर्वांना १२ मिग्रॅ. पाच दिवस द्यायची घोषणा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरच हे औषध फक्त चाचण्यांत वापरा असं म्हटलं होतं. त्या सुमारास औषधाच्या बाजूने जे एकत्रित आढावे फिरत होते त्यांतल्या काहींत इजिप्तचा एक मोठा प्रीप्रिंट धरलेला होता. तो जुलै २०२१ मध्ये काढून टाकला: उचललेला मजकूर, पुन्हापुन्हा चिकटवलेल्या रुग्णांच्या नोंदी, अभ्यास सुरू व्हायच्या आधीच दगावलेले रुग्ण. तो वगळल्यावर आढाव्यांतला फायदा बराच ओसरला. त्यामुळे आढावा उद्धृत करताना त्याच्या तक्त्यातले मूळ अभ्यास एकेक करून शोधा. कंटाळवाणं काम आहे, पण गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) तोंडी परीक्षेत नेमका तिथेच प्रश्न येऊ शकतो.

बाकीची तपासणी थोडक्यात. चाचणीचा नोंदणी क्रमांक घेऊन सीटीआरआय (भारतातली चाचण्यांची नोंदवही) किंवा क्लिनिकल-ट्रायल्सवर (अमेरिकेतली) जा, आधी ठरवलेला मुख्य निकष आणि पेपरातला निकष जुळतो का बघा. मागे घेतलेल्या पेपरांच्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत शीर्षक शोधा. प्रीप्रिंट असेल तर पुढे तो कुठे छापला याचा दुवा त्याच पानावर मिळतो. छापला असेल तर छापील घ्या, नसेल तर आवृत्ती क्रमांक आणि तारीख लिहा, कारण पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत निष्कर्ष बदललेले असू शकतात.

प्रबंध बांधायला टाकण्याआधी संदर्भयादी पुन्हा एकदा तपासा. झोटेरो (संदर्भ सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल तर मागे घेतलेल्या पेपरावर तो आपणहून लाल पट्टी लावतो, पण त्यासाठी नोंदीत डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा पबमेड क्रमांक भरलेला हवा.