विचारा की! : 'मागितल्यास देऊ' म्हणजे नेमकं कधी देणार?

या खेपेला टपालानं आणि व्हॉट्सॲपवर मिळून जी पत्रं आली त्यात तीन एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली, सर्व्हेचा डेटा कुणाचा आणि तो कुणाला द्यायचा, त्यामुळं थायरॉइडची गोळी उपाशीपोटी का, लेकराचा खोकला वगैरे पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी मिरजेत कम्युनिटी मेडिसिनला एमडी करतोय, थर्ड इयर. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या चार गावांतल्या ४०० बायकांचा ॲनिमिया हा थीसिस होता, त्यावर पेपर पाठवलाय. जर्नल म्हणतंय डेटा कुठं मिळेल ते स्टेटमेंट लिहा आणि मागची शीट पण कुठंतरी ठेवा. गाइड सर म्हणतात 'मागितल्यास देऊ' असं लिही आणि मोकळा हो, सगळे तेच लिहितात. लिहू का? आणि एवढं उन्हातान्हात फिरून गोळा केलेलं फुकटात का द्यायचं, उद्या दुसऱ्याच कुणी त्यावर पेपर काढला म्हणजे?
— एक पीजी, मिरज

उत्तर : गाइड सरांचा मान ठेवूनच सांगते डॉक्टर, नका लिहू. ते वाक्य म्हणजे आपल्याकडचं "या एकदा जेवायला" आहे, म्हणणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही की कुणी येणार नाही. २०२२ साली आलेल्या एका अभ्यासात काही जणांनी खरंच जाऊन दार वाजवलं. असं वाक्य लिहिलेल्या १,७९२ पेपरांच्या लेखकांकडं डेटा मागितला तर मिळाला १२२ जणांकडनं. बाकीच्यांनी एक तर उत्तरच दिलं नाही नाहीतर कारणं सांगितली.

आणि सगळे काय लबाड नसतात हो. माझंच सांगते. २०११ ला आम्ही बीपीचा एक सर्व्हे केला होता, पेपर छापून आला, खाली मी ऐटीत लिहिलं की मागितल्यास देऊ. फॉर्म घरी लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात, आणि एक्सेल असलेला पेनड्राइव्ह, शहाणपणा बघा, त्याच कप्प्यात. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचा तळमजला बुडाला, पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर फॉर्मचा लगदा झालेला आणि पेनड्राइव्ह गाळानं भरलेला. पुढच्याच वर्षी एका मुलीचा मेल आला, तिला बऱ्याच जिल्ह्यांचे असे सर्व्हे एकत्र करून बघायचे होते. दोन दिवस तो मेल तसाच ठेवला मी, मग सॉरी लिहिलं. झाडं-प्राण्यांवरच्या ५१६ जुन्या पेपरांचा असाच पाठपुरावा करून २०१४ मधे कुणीतरी हिशोब मांडला होता, पेपर जुना होत जाईल तशी त्याचा डेटा सापडायची शक्यता वर्षाला साधारण १७ टक्क्यांनी घसरते. महापूर न येता.

जर्नलं आता एवढी मागं का लागतात ते पण सांगते. २०२० चा मे महिना आठवा, आपल्या पीएचसीतली निम्मी माणसं कोरोना होऊ नये म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी घेत होती. २२ मेला लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय जर्नलमधे पेपर आला, ६७१ हॉस्पिटलं, ९६,०३२ पेशंट, म्हणे या गोळीनं फायदा तर नाहीच उलट मृत्यू वाढतायत. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या ट्रायलमधला त्या गोळीचा भाग थांबवला. मग कुणीतरी ऑस्ट्रेलियाचे आकडे बघितले तर पेपरातले मृत्यू त्या देशाच्या सरकारी आकड्यापेक्षा जास्त! मूळ डेटा दाखवा म्हटल्यावर ज्या कंपनीकडं तो होता ती सर्जिस्फिअर खुद्द सहलेखकांनी नेमलेल्या तपासणाऱ्यांनाही तो देईना, आणि ४ जूनला पेपर मागं घेतला. गोळी पुढं नीट केलेल्या ट्रायलमधेही निरुपयोगीच ठरली ही गोष्ट वेगळी, पण उत्तर बरोबर आलं म्हणून कच्चं काम न दाखवता मार्क मागता येत नाहीत, हे आपल्याला सातवीच्या गणितापासनं माहीत आहे.

आता तुमची खरी भीती, दुसरा कुणी पेपर काढेल. काढू दे की. डेटा झेनोडोसारख्या ठिकाणी ठेवला (युरोपातली सर्न नावाची संस्था चालवते, फुकट आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा, तुमची ४०० ओळींची शीट तर लग्नातल्या एका फोटोपेक्षा हलकी असेल) की त्याला डीओआय मिळतो, म्हणजे पेपरासारखा कायमचा पत्ता, आणि वापरणाऱ्याला तो देऊन तुमचं नाव घ्यावं लागतं. स्वतःचा दुसरा पेपर डोक्यात असेल तर वर्षभर कुलूप लावून ठेवायची सोय पण असते, तारीख टाकायची, त्या दिवशी आपोआप उघडतं.

आणि तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. तुमच्या ४०० मधे गरोदर बायका असणारच. २०२४ मधे जागतिक आरोग्य संघटनेनं दुसऱ्या तिमाहीतल्या बाईसाठी ॲनिमियाची, म्हणजे हिमोग्लोबिनची, रेघ ११ वरून १०.५ ग्रॅमवर आणली. आता ज्यांनी पेपरात फक्त "इतके टक्के ॲनिमिक" एवढंच छापलं त्यांचा आकडा त्या दिवशी शिळा झाला, कुणाला काही करता येत नाही, आणि ज्यांनी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आणि कितवा महिना ते असलेली शीट ठेवली त्यांचं काम पाच मिनिटांत नव्या रेघेनं परत मोजता येतं. एवढं उन्हातान्हात फिरलात ते टक्केवारीसाठी का त्या ४०० हिमोग्लोबिनसाठी?

ठेवताना मात्र नुसती शीट फेकू नका. सोबत एक पान हवं, कुठल्या कॉलमात काय, १ म्हणजे हो का नाही, हिमोग्लोबिन कशानं मोजलं, बोटातनं का शिरेतनं. आणि "माहीत नाही" साठी ९९ टाकायची आपली सगळ्यांची सवय, ती ठळक लिहा. मी एका शीटमधे बाळंतपणांची सरासरी साडेसात बघितलीय, दहा मिनिटं खरंच वाटलं की काय हे गाव, मग लक्षात आलं पाच-सहा ठिकाणी ९९ आहे. तारखांवर पण नजर ठेवा, एक्सेल आपल्या ३ जुलैची कधी ७ मार्च करेल नेम नाही. मराठी शेरे असतील तर सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा नाहीतर पुढच्याला नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. बाकी ओळख लपवायचं काम आहे, ते सगळ्यात मोठं, त्यासाठी खालचं पत्र वाचा, ते तुमच्यासाठी पण आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगाव तालुक्यात आशा आहे. आमच्याकडनं टीबीचा एक सर्व्हे करून घेतला, नाव, वय, घरात किती जणं, काम काय, घरात कुणाला टीबी होता का, मोबाईलवर लोकेशन. आता साहेब म्हणतात नावं काढून सगळं इंटरनेटवर ठेवणार, संशोधनाला लागतं. बायका मला विचारायला लागल्यात, आशाताई आमचं काय होणार. एकीची पोरगी लग्नाची आहे. नाव काढलं तरी गावात कळतंयच की वो. मी काय सांगू?
— एक आशा, तासगाव तालुका

उत्तर : ताई, "नाव काढलं तरी गावात कळतंयच" हे तुम्ही एका ओळीत सांगितलंत, ते अमेरिकेत सिद्ध करायला एका विद्यार्थिनीला खटपट करावी लागली होती. मॅसॅच्युसेट्स राज्यानं नव्वदच्या दशकात सरकारी नोकरांच्या दवाखान्याच्या नोंदी नाव-पत्ता काढून संशोधनाला दिल्या, गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी सांगितलं काळजी नको. लटान्या स्वीनी नावाच्या मुलीनं २० डॉलर देऊन त्यांच्या शहराची मतदार यादी विकत घेतली. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले सहा जण निघाले, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडमधला एकच. झालं, गव्हर्नरांचीच फाइल सापडली. जन्मतारीख, बाई का पुरुष आणि पिनकोड, बास एवढ्यावर.

ते शहर होतं. आपल्या दीड हजार वस्तीच्या गावात यादी पण लागत नाही, पारावरच्या माणसाला विचारलं तरी भागतं. समजा ओळ अशी आहे, बाई, वय ३४, विधवा, अंगणवाडी मदतनीस, घरात तीन माणसं, टीबी होय. नाव कशाला पाहिजे? गावात अंगणवाडी मदतनीस किती असतात? म्हणून साहेबांना विचारा (तुम्हाला विचारायचा हक्क आहे, माहिती तुमच्या तोंडावर विश्वास ठेवून लोकांनी दिलीय), की नाव सोडून आणखी काय काय काढणार. मोबाईल नंबर, आधार, आभा (आरोग्य खात्याचा) नंबर, निक्षय (टीबी नोंदणीचा) आयडी हे जायलाच पाहिजे. गावाच्या नावाजागी नुसता नंबर, आणि कुठल्या नंबरचं कुठलं गाव तो कागद कुलपात, नेटवर नाही. वय ३४ नाही तर ३० ते ३४. ऐंशीच्या वरचे सगळे एका खणात, कारण ९७ वर्षांची आजी गावात एकच असते आणि तिचा सत्कार पण झालेला असतो. पोलीस पाटील, सरपंच, मदतनीस असली कामं "नोकरी व इतर" मधे ढकलायची. तारखा काढून "पहिल्या तपासणीनंतर किती दिवस" एवढंच. आणि मग शेवटी चाळून बघायचं, वय-काम-घर असा एकसारखा मेळ असलेली निदान पाच माणसं सापडतात का, एकटी ओळ उरली तर खण आणखी मोठा करायचा नाहीतर ती ओळच काढायची. शेरा लिहायच्या कॉलमात कुणीतरी हमखास "ही सुमनची जाऊ" असं लिहून ठेवलेलं असतं, तो कॉलम आधी वाचा.

लोकेशनचं तर बिलकुल नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा जगभर वापरतात, पण त्यात सुद्धा नकाशावरचे ठिपके मुद्दाम सरकवलेले असतात, शहरातले दोन किलोमीटरपर्यंत आणि खेड्यातले पाचपर्यंत, काही थोडे तर दहापर्यंत. त्यांना ठिपका हलवावासा वाटतो आणि आपण घराच्या उंबऱ्याचं लोकेशन टाकायचं?

(मिरजेचे डॉक्टर, हे तुम्हालाच. आपल्या थीसिसच्या मागं मास्टर चार्ट असतो ना, आयपीडी नंबर, पेशंटची आद्याक्षरं, वय, गाव. वर्षानुवर्षं लायब्ररीत तो असाच उघडा पडलाय आणि कुणाला काही वाटलं नाही. तोच चार्ट उचलून नेटवर टाकू नका.)

बायकांना काय सांगायचं? आधी साहेबांकडनं तो संमतीचा फॉर्म मागवून घ्या आणि त्यात बघा की माहिती पुढं इतर संशोधकांना देऊ असं लिहिलं होतं का. लिहिलं नसेल तर ती परस्पर नेटवर टाकता येत नाही, संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीपुढं जावं लागतं, आणि टीबी-एचआयव्हीसारख्या आजारात माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यांना उघडी न ठेवता अर्ज करणाऱ्याला, कशासाठी पाहिजे ते लिहून घेऊन द्यावी. जर्नलं हे चालवून घेतात, फक्त अर्ज एका माणसाच्या मेलवर नको, संस्थेकडं जायला हवा, म्हणजे साहेबांची बदली झाली तरी उत्तर देणारं कुणी असतं. लिहिलं असेल तर बायकांना सरळ सांगा की एकेकटी कुणी ओळखू येणार नाही असं करून देणार आहेत, आणि ते केलेली शीट तुम्ही स्वतः एकदा बघायला मागा. सॉफ्टवेअर काय म्हणतं ते म्हणू दे, तुम्ही ती वाचताना एखादी ओळ बघून "ही तर आपली..." असं तोंडातनं निघालं की समजायचं काम अजून राहिलंय. आणि ज्या बाईची पोरगी लग्नाची आहे तिला नको असेल तर नाव मागं घेता येतं, शीट बाहेर पडायच्या आधी, त्यानं तिच्या घरातल्या कुणाचा औषधोपचार थांबत नाही. हे शेवटचं चारदा सांगा, कारण एकदा सांगून कुणाला खरं वाटत नाही.

प्रश्न : आमच्या गावात पाच वर्षांपूर्वी एका कॉलेजची गाडी आली, साखर, बीपी, लघवी सगळं तपासलं, रक्त नेलं. निकाल आजतागायत कुणी सांगितला नाही. आता वाचतो की संशोधक जगाला डेटा वाटतात. आम्हाला का नाही?
— निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि याला आमच्या लोकांकडं चांगलं उत्तर नाही. पेपरला श्रेय मिळतं, ग्रामसभेत जाऊन वाचून दाखवण्याला मिळत नाही, म्हणून ते राहून जातं, एवढंच. पण तुम्ही मागू शकता. रक्त घ्यायच्या आधी एक माहितीपत्रक दिलं असेल, मराठीत, दोन-तीन पानी, त्यावर मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीच्या सचिवाचा नंबर असतो. पत्र दोघांना लिहा. प्रत्येकाला स्वतःचा रिपोर्ट मागा, आणि गावासाठी एकूण आकडे मागा, किती जणांची साखर वाढलेली होती, किती जणांना आधी माहीतच नव्हतं, बस्स. हजारभर माणसांचे असे एकूण आकडे द्यायला कुणाची ओळख उघडी पडत नाही, तेव्हा गोपनीयतेचं कारण सांगितलं तर ऐकू नका. औषधाची वगैरे ट्रायल असेल तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्टरात असायला हवी, २००९ पासून ते सक्तीचं आहे, नेटवर कुणालाही बघता येतं, नातवाला सांगा शोधायला.

पत्रक सापडत नसेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं विचारा, एकाच दिवशी सगळ्यांना दिलेलं असणार, कुणी ना कुणी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेलं असतंच.