साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन दोन दिवसांत बडोद्यात काय पाहावे?

आपण लिहिले आहे की डिसेंबरच्या अखेरीस पुण्याहून साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन दोन दिवसांसाठी बडोद्यास येणार आहात, आणि लक्ष्मीविलास राजवाडा, संग्रहालय, राजघराण्याचे स्मारक असलेले कीर्तिमंदिर, सूरसागर तलाव व पावागढचा डोंगर एवढे या दोन दिवसांत होईल का, असा आपला प्रश्न आहे. धावपळ केली तर बरेचसे होईल, परंतु तसे करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. येथील दांडिया बाजारात माझे सारे आयुष्य गेले आहे, आणि ठाण्याहून आलेल्या माझ्या चार वर्षांच्या भाचीला मी स्वतः एका दिवसात असेच सर्व दाखवण्याचा प्रयत्न केला होता. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये पोचेपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपी गेली होती, आणि संध्याकाळी सूरसागराच्या काठावर ती इतकी रडली की आम्ही शंकराच्या मूर्तीकडे धड न पाहताच रिक्षा करून घरी परतलो. दुसऱ्या दिवशी काहीही न ठरवता तिला कमाटीबागेत नेले, आणि बडोद्याची म्हणून तिला आजही जी आठवण आहे ती त्याच सकाळची आहे.

म्हणून आपली पहिली सकाळ पूर्णपणे कमाटीबागेला द्यावी. कागदोपत्री तिचे नाव सयाजीबाग असले तरी रिक्षावाल्याला कमाटीबाग सांगितलेले पुरते, आणि रेल्वे स्थानकापासून ती अगदी जवळ आहे. बाग १८७९ सालची, म्हणजे सयाजीराव महाराज अजून पंधरा-सोळा वर्षांचे होते तेव्हाची. आत प्राणिसंग्रहालय आहे, फुलांचे घड्याळ आहे, मोठी झाडे आहेत, आणि मुलाला हात सोडून पळता येईल अशी मोकळी हिरवळ आहे. राजवाड्यात नेमकी हीच सोय नाही. बागेतील संग्रहालयात सगळी दालने पाहण्याच्या फंदात पडू नका. देवमाशाचा सांगाडा मात्र तिला अवश्य दाखवा. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या त्या देवमाशाची लांबी सत्तर फुटांहून अधिक आहे, आणि माझी भाची त्याच्या शेपटापासून डोक्यापर्यंत पावले मोजत तीनदा चालली होती. तेथेच इजिप्तची एक ममीही आहे, पण लहान मुलांना तिची भीती वाटू शकते, तेव्हा आपल्या मुलीचा स्वभाव पाहून ठरवावे. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आणि दालने उघडी आहेत की दुरुस्तीसाठी बंद आहेत, एवढे विचारून घ्यावे.

बागेतून विश्वामित्री नदी वाहते आणि तिच्यात खऱ्याखुऱ्या मगरी आहेत. थंडीत ऊन तापू लागले की अंग शेकण्यासाठी त्या काठावर येऊन पडतात, त्यामुळे सकाळी नऊ-दहानंतर पुलावरून थोडा वेळ शांतपणे पाहिल्यास एखादी दिसण्याची शक्यता असते. पाहायचे ते पुलावरूनच, आणि मुलीला कडेवर घेऊन. नदीच्या काठाकडे उतरण्याचा विचारही करू नये.

बागेजवळच्या चौकात सयाजीरावांचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे, त्याला सगळे काळा घोडा म्हणतात. तेथे थांबून मुलीला एक गोष्ट सांगावी, असे मला मनापासून वाटते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. कशासाठी आलास असे विचारल्यावर त्याने राज्य करायला आलो असे उत्तर दिले, असे आमच्याकडे घरोघरी सांगतात. पुढे त्याच मुलाने, म्हणजे सयाजीरावांनी, १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुण्याहून येणाऱ्या मराठी मुलीला हा घोडेस्वार आपल्याकडचाच आहे हे कळले, की दुसऱ्या दिवशीचा राजवाडा तिला गोपाळचे घर म्हणून दाखवता येतो.

१८९० साली पूर्ण झालेल्या त्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी दुसरी सकाळ ठेवावी, आणि तीही दीड तासापेक्षा अधिक नव्हे. पायऱ्या असल्यामुळे बाबागाडीचा उपयोग होत नाही. आवारातील फत्तेसिंह संग्रहालयाची इमारत मुळात राजघराण्यातील मुलांची शाळा होती, आणि आंब्याच्या बागेतून तेथवर त्यांच्यासाठी छोटी आगगाडी धावत असे. तिचे इंजिन संग्रहालयाच्या दाराशी ठेवलेले आहे. राजा रविवर्म्याची चित्रे आपण आत जाऊन पाहाल, मुलगी मात्र त्या इंजिनापाशीच रमेल, तेव्हा दोघांनी आळीपाळीने आत जावे. कीर्तिमंदिराचेही तसेच. नंदलाल बोस यांची तेथील भित्तिचित्रे मोठ्यांनी चुकवू नयेत, पण ती दुपारी मुलगी झोपलेली असताना एकेकट्याने पाहून यावीत. वेळ उरलाच तर तांबेकर वाडा पाहावा. जिना अरुंद आहे, परंतु भिंती चित्रांनी इतक्या भरलेल्या आहेत की हत्ती शोध, घोडा शोध असे म्हणत वीस मिनिटे सहज जातात.

पावागढ या वेळी सोडून द्यावा. जाण्यायेण्यातच दिवस मोडतो, आणि त्याच्या पायथ्याच्या चांपानेर या जुन्या शहराची वास्तू समजण्याइतकी मुलगी अजून मोठी नाही.

जेवणाबाबत काळजी नसावी. गुजराती डाळीत गूळ असल्याने मुले ती भाताबरोबर आवडीने खातात, आणि खमण तर सर्वत्र मिळते. सेव-उसळ आपण जरूर खावी. मुलीसाठी मात्र वरचा तिखट रस्सा, म्हणजे तरी, न घालता नुसती सेव आणि पाव मागून घ्यावा, कारण येथील तरी पुणेकरांनाही झोंबते. सूरसागरावर पहिल्या संध्याकाळी, तिची झोप झालेली असेल तरच जावे, आणि दिवे लागल्यावर अर्ध्या तासात परतावे. डिसेंबरात काठावर वारा गार असतो, तेव्हा कानटोपी सोबत असू द्यावी.