छोट्या खाण कंपनीची माणसे कशी पारखावीत?

प्रश्न : मी टोरांटोत राहतो. सोन्याचा शोध घेणाऱ्या एका छोट्या कॅनेडियन कंपनीचे शेअर घ्यावेत असे मनात आहे. परंतु जिला अजून उत्पन्नच नाही, तिचे व्यवस्थापन पारखायचे कसे?

उत्तर : आधी पैसा कुठे गेला ते पाहावे. नवे शेअर विकून उभारलेल्या रकमेपैकी ड्रिलिंगवर (खडकाचे नमुने काढण्यासाठी जमिनीत खोल विवरे पाडण्यावर) किती आणि पगार, प्रवास, प्रसिद्धी यांवर किती खर्च झाला, हे वार्षिक हिशेबांतून कळते.

मला मात्र सर्वांत महत्त्वाची वाटते ती या नमुन्यांच्या तपासणीची शिस्त. कॅलगरीच्या ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियात बोर्निओ बेटावरील बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे जाहीर केले होते. जमिनीतून काढलेला खडकाचा दंडगोल उभा चिरून अर्धा भाग जपून ठेवण्याची रीत असताना, तेथे जवळजवळ सगळाच खडक दळून प्रयोगशाळेत जाई, त्यामुळे फेरतपासणीला फारसे काही उरतच नसे. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत उघड झाले आणि असंख्य सामान्य लोकांची बचत बुडाली. २००१ मध्ये कॅनडात ‘४३-१०१’ हा नियम लागू झाला. त्यानुसार तांत्रिक अहवालाची जबाबदारी पात्र तज्ज्ञाने नावानिशी घ्यावी लागते. कॅनडातील कंपन्यांची जाहीर कागदपत्रे ठेवणाऱ्या ‘सेडार प्लस’ या संकेतस्थळावर आपल्या कंपनीचा असा अहवाल शोधावा, तो तज्ज्ञ कंपनीबाहेरचा आहे का ते पाहावे आणि सोने न लागलेल्या विवरांची माहितीही कंपनीने तितक्याच ठळकपणे दिली आहे का, हे जरूर तपासावे.