चावी एचआरकडे अन् नोटीस तुम्हाला

दादा, तुमचा मेल दोनदा वाचला. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये नाइट शिफ्टचे सुपरवायझर, रात्री अडीचला ठेकेदाराकडच्या एका हेल्परचं बोट पत्रा कापायच्या शीअरिंग मशीनमध्ये तुटलं, फर्स्ट एड बॉक्सला कुलूप, चावी एचआरकडे आणि एचआर येते सकाळी दहाला. कुलूप तोडलं तर आत डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप, डिझेलची बिलं आणि सुकून दगड झालेली मलमाची ट्यूब. मग गळ्यातला दुपट्टा घडी करून जखमेवर दाबून धरला, बोटाचा तुकडा कँटीनच्या बर्फात टाकला आणि स्वतःच्या गाडीत त्याला वर्धा रोडनं नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले बर्फानं तुकडा खराब झाला, जोडता येत नाही. आता कंपनी नोटीस देऊन विचारते फर्स्ट एडचं सर्टिफिकेट नसताना उपचार काऊन केले, आणि पोराचा भाऊ पोलिसात जातो म्हणून राहिला.

पहिले तर रात्री नीट झोपा.

ती नोटीस लॅमिनेट करून ठेवा असं मी गमतीत म्हणणार होतो, पण खरंच जपून ठेवा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ४५ मध्ये सरळ लिहिलं होतं की दर १५० कामगारांमागे कमीत कमी एक बॉक्स, कामाच्या सगळ्या वेळात हाताशी येईल असा, त्यात ठरवून दिलेल्या सामानाशिवाय दुसरं काहीच नाही, आणि त्याची जबाबदारी फर्स्ट एडचं मान्य सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडे, जो शिफ्टभर तिथं हजर पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी ऑक्युपेशनल सेफ्टी कोड आला, पण पुरेसे बॉक्स कामाच्या सगळ्या वेळात हाताशी हवे हे त्यातही आहे, आणि नाइट शिफ्ट म्हणजे कामाचीच वेळ झाली ना. म्हणजे सर्टिफिकेटवाला माणूस ठेवायचं बंधन मालकावर होतं. बाकीच्यांनी जखमेला हात लावू नये असं त्यात कुठंच नाही. त्या रात्री सर्टिफिकेटवालं कोणी नव्हतं, हे कंपनीनं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलंय बापा, वकिलाला अजून काय पाहिजे!

आता पोलिसांचं. तुमच्या साळ्यानं सांगितलेला गुड समॅरिटनवाला, म्हणजे मदत करणाऱ्याला वाचवणारा नियम, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ए, तो रस्त्यावरच्या गाडीच्या अपघाताला लागतो, कारखान्यात नाही. तुमच्या कामाचं आहे भारतीय न्याय संहितेचं कलम २६, म्हणजे समोरच्याच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीनं आणि सद्भावनेनं केलेली गोष्ट, जीव घ्यायचा हेतू नसेल तर, गुन्हा होत नाही. संमती तोंडानंच द्यावी लागते असं नाही, त्या पोरानं स्वतः हात पुढे केला असं तुम्ही लिहिलंय, तेवढं पुरतं. तो बेशुद्ध असता तर संमतीशिवाय केलेल्या मदतीसाठी कलम ३० होतं.

फक्त सद्भावना म्हणजे नुसतं मन साफ असणं नाही, कायद्यात तिच्यात योग्य काळजीही येते. इथं बर्फाचा मुद्दा निघेल. तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची, थेट बर्फात टाकला की पेशी मरतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं, दहातल्या नऊ जणांना नसतं, आणि कोर्ट तुम्हाला सर्जनच्या नाही, साध्या समजदार माणसाच्या मापानं मोजणार. म्हणून बर्फाची गोष्ट लपवू नका, जसं झालं तसं लिहा. पण भावाला व्हॉट्सॲपवर 'माझ्यामुळे झालं' असलं काही पाठवू नका, भेटायला अवश्य जा.

त्या भावालाही राग तुमच्यावर काढून काही मिळणार नाही. बोटाचा पैसा ईएसआयमधून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यातून यायचा, काम बंद असेल तोवर साधारण पगाराच्या ९० टक्के आणि कायमचं अपंगत्व ठरलं तर पेन्शन, आणि त्यात चूक कोणाची हे सहसा विचारतच नाहीत. ठेकेदारानं पोराचं नाव नोंदवलंच नसेल तरी हक्क बुडत नाही, वसुली मालकाकडून होते. मला तर शंका आहे की नाव नोंदवलेलं नाही म्हणूनच हे सगळं तुमच्या डोक्यावर ढकलून राहिले. त्या पोराला ईएसआय ऑफिसात स्वतः घेऊन जा.

आणि शेवटी तुम्ही जे सहज लिहून टाकलं तेच मला सगळ्यात डेंजर वाटतं, एचआर ट्रेनिंगच्या रजिस्टरवर मागची तारीख टाकून सही मागते. बिलकुल करू नका. आज सही केली की उद्या 'याला शिकवलं होतं तरी चुकला' म्हणायला ते मोकळे, आणि वरून खोट्या कागदावर सही तुमची. ती मागणी आली त्याच दिवशी तारीख टाकून ईमेलवर नकार कळवा. बॉक्सचे फोटो काढले असतील तर दुसऱ्या फोनवरही ठेवा, त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज पुसू नका असं लेखी मागा, आणि नोटिसीचं उत्तर मुदतीतच द्या, एक पानाचं, त्यात पहिली ओळ हीच की रात्री अडीच वाजता चावी कोणाकडे होती.